'अशुद्ध' म्हणजे कोणाचे? सीमाभागाच्या मराठीवर बसलेल्या शिक्क्यांचा इतिहास

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकातली गोष्ट आहे. वकिलीची सनद मिळून मला फार वर्षे झाली नव्हती. पैनगंगेच्या अलीकडच्या एका गावातील जमिनीचा दावा होता आणि वादाचा मुद्दा एकच होता: ती जमीन तीस वर्षे कोणाच्या वहितीत होती? माझ्या बाजूने एक वृद्ध बाई साक्षीला उभ्या राहिल्या. त्यांनी पहिल्याच प्रश्नाला उत्तर दिले, "माहा घरवाला तीस वर्सं हे वावर वाहून राहिला होता."

त्या उत्तरात काहीही कमी नव्हते. 'वावर वाहणे' म्हणजे जमीन कसणे. महसुलाच्या कागदांत आजही छापला जाणारा 'वहिती' हा शब्द त्याच क्रियापदाचा. 'वाहून राहिला होता' म्हणजे 'कसत होता', सतत आणि खंड न पडता. पण न्यायालयात दोन-चार चेहऱ्यांवर हसू उमटले आणि माझा चेहरा उतरला. शिक्षणासाठी नदीपलीकडे काढलेल्या वर्षांत ही बोली जिभेवरून खरवडून काढण्याचा मी फार प्रयत्न केला होता. मी म्हणालो, "आजी, जरा शुद्ध बोला."

आजी गोंधळल्या. डोक्यावरचा पदर सावरून, शब्द निवडत त्या म्हणाल्या, "माझे पती तिथं राहत होते."

नोंद तशीच झाली: पती तेथे राहत होते. 'कसणे' नाहीसे झाले, 'राहणे' तेवढे उरले. जमिनीच्या दाव्यात या दोहोंत केवढे अंतर आहे ते वकिलांना सांगायला नको. साक्ष ज्या भाषेत दिली त्याहून निराळ्या भाषेत ती लिहून घेतली आणि साक्षीदाराला ती भाषा येत नसली, तर लिहिलेला मजकूर त्याच्या भाषेत त्याला समजावून सांगावा लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ मधील नियम ६ तसे सांगतो. हा नियम त्या दिवशी कामी आला. मजकूर कानावर पडताच आजी म्हणाल्या, "वकीलसाब, म्या राहत होता असं कुठं म्हटलं? वाहत होता म्हटलं." नोंद दुरुस्त झाली. पण चूक साक्षीदाराची नव्हती, भाषांतराचीही नव्हती. ती 'शुद्ध बोला' या माझ्या दोन शब्दांची होती.

हे दोन शब्द माझ्या तोंडी आले कोठून, याचा शोध मी तेव्हापासून घेत आहे. बेढबपणाचे, गबाळेपणाचे, अशुद्धतेचे शब्द भाषांना कोठून मिळतात? ते कोणाला चिकटतात? प्रस्तुत लेखात मांडतो तो या शोधाचा वृत्तांत.

गावावरून आलेली दूषणे

मराठीत ज्याला सफाई नाही त्याला आपण गावंढळ म्हणतो, खेडवळ म्हणतो, गावठी म्हणतो. थोडे पंडिती बोलायचे असेल तर ग्राम्य म्हणतो. तिखट बोलायचे असेल तर रानटी. शब्द पाच, पण पत्ता एकच: नगराबाहेरचा. या शब्दांत मुळात दोष सांगितलेला नाही, राहण्याचे ठिकाण सांगितलेले आहे. ठिकाणाचे दूषण नंतर झाले.

ही रीत मराठीने सुरू केली नाही. संस्कृत काव्यशास्त्रात 'ग्राम्य' हा एक मान्य दोष आहे. वामनाने पददोषांच्या यादीत तो घातला, पुढे अकराव्या शतकात मम्मटानेही घातला. विद्वानांच्या सभेत जो शब्द शोभत नाही, तो केवळ लोकांत चालतो एवढ्याच कारणाने सदोष ठरू शकतो. त्याच्या उलट 'नागर'. मूळ अर्थ नगराचा. त्यातून अर्थ झाला सुसंस्कृत, चतुर, रसिक.

इंग्रजीतही हेच घडले. सभ्य, मृदू वागणुकीला तेथे 'अर्बेन' म्हणतात; त्या शब्दाच्या पोटात नगर या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. उलट बाजूला 'बूर' म्हणजे उद्धट, अडाणी मनुष्य. पण या शब्दाचा जुना अर्थ शेतकरी एवढाच. डच भाषेत शेतकऱ्यासाठी तोच शब्द अजून चालतो. 'क्लॉडहॉपर' म्हणजे बेंगरूळ माणूस. शब्दशः पाहिले तर नांगरटीच्या ढेकळांवरून उड्या टाकीत चालणारा. चित्रपटांनी आपल्या घराघरांत पोचवलेला 'व्हिलन' हा शब्दही मूळचा जमीनदाराच्या मळ्यावर राबणाऱ्या कुळाचा. कुळाचा खलनायक होण्यात त्या कुळाचा काही अपराध नव्हता. शब्दांचे अर्थ ज्यांनी लिहून ठेवले ते मळ्याचे मालक होते, एवढाच त्या इतिहासाचा अर्थ.

अनोळखी ते ओबडधोबड

दूषणांचा दुसरा उगम गावाहूनही अधिक आमच्या प्रश्नाला भिडणारा आहे. इंग्रजीत राकट, असंस्कृत, ओबडधोबड या अर्थाचा 'अनकूथ' असा शब्द आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता 'माहीत नसलेला'. अनोळखी प्रदेश, अनोळखी वाट, अनोळखी मनुष्य: सर्वांना हाच शब्द लागे. शतके उलटली आणि जे माहीत नाही ते विचित्र ठरले. जे विचित्र ते बेढब, आणि जे बेढब ते असंस्कृत. अज्ञान पाहणाऱ्याचे होते, डाग मात्र पाहिल्या गेलेल्यावर पडला.

आपल्याकडचा 'म्लेच्छ' शब्द याच वाटेने गेला. ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ धातुपाठात अस्पष्ट बोलणे असा दिलेला आहे. ज्यांचे बोलणे आपल्याला कळत नाही ते म्लेच्छ. ग्रीकांच्या कानाला परक्यांची भाषा 'बर्बर' अशी ऐकू येई, म्हणून त्यांनी परक्यांना नाव दिले 'बार्बरोस'. त्यातूनच युरोपीय भाषांना रानटी या अर्थाचा शब्द मिळाला. पतंजलीच्या महाभाष्यात असुरांची एक कथा येते. युद्धात शत्रूला हाक मारताना त्यांनी 'र'च्या जागी 'ल' उच्चारला आणि त्यांचा पराभव झाला. व्याकरण शिकण्याचे प्रयोजन सांगण्यासाठी ती कथा दिली आहे. पण एका प्रदेशाचा 'र' दुसऱ्या प्रदेशात 'ल' होतो, या साध्या गोष्टीवर अधर्माचा शिक्का कसा बसतो, हेही त्या कथेतून दिसते.

येथे आपण मराठी भाषिकांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. जुन्या मराठीत 'कानडा' या शब्दाला न कळणारा, अगम्य असा अर्थ होता. शेजाऱ्याच्या भाषेचे नावच अगम्यतेचे नाव झाले. दक्षिणेकडील भाषा कानावर पडल्या की 'यंडुगुंडू' म्हणून हसणारे आपलेच लोक आहेत, आणि त्या भाषांत आमच्या शेजारणीची तेलुगूही येते. 'रांगडा' हा शब्द आज आपण काहीशा कौतुकाने वापरतो. माळव्यातील राजपुतांच्या बोलीला रांगडी म्हणत. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीतही हे नाव नोंदलेले आहे. आपला रांगडा त्याच घराण्यातला दिसतो. तसे असेल तर उत्तर सीमेवरच्या शेजाऱ्याचे नाव आपण ओबडधोबडपणाला दिले, असा त्याचा अर्थ होतो.

उरलेले शब्द शरीरावरून आणि सामानावरून आले. इंग्रजीतील 'ऑकवर्ड'चा पूर्वार्ध उत्तरेकडील नॉर्स भाषेतून आला. त्याचा अर्थ उलट्या बाजूला वळलेले. 'क्लम्झी' या शब्दाचे मूळ थंडीने बधिर झालेल्या बोटांत आहे. फ्रेंचमधून इंग्रजीत गेलेला 'गोश' म्हणजे डावा. आमच्याकडे डाव्यावरून 'डावलणे' झाले, म्हणजे बाजूला टाकणे. 'अजागळ' हा शब्द बकरीच्या गळ्याला लोंबणाऱ्या स्तनासारख्या मांसल गाठीवरून आला. ती दिसते, पण तिच्यातून दूध निघत नाही. आणि 'गबाळा'? गबाळ म्हणजे बिऱ्हाडाचे सटरफटर सामान, गाठोडी, बोचकी. ज्याला एका जागी स्थिर राहू दिले नाही त्याचे सामान विस्कटलेलेच असणार. पण शब्द त्या विस्कटण्याचे कारण विचारत नाही, तो माणसालाच गबाळा म्हणून मोकळा होतो.

गावीची गाय झाली

'अशुद्ध' या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. गावंढळ, रानटी हे शब्द उघड शिवी देतात. 'अशुद्ध' मात्र शास्त्राचा आव आणतो. म्हणून त्याच्या शास्त्राची उलटतपासणी करायला हवी.

पतंजलीने शुद्ध आणि अपभ्रष्ट शब्दांचा भेद सांगताना गाईचे उदाहरण घेतले. 'गौः' हा शब्द शुद्ध. गावी, गोणी, गोता, गोपोतलिका हे लोकांच्या तोंडचे अपभ्रंश. या घटनेला दोन हजार वर्षे झाली. आज महाराष्ट्रात कोणीही 'माझी गौः दूध देते' म्हणत नाही. आपण म्हणतो गाय. आणि भाषेच्या अभ्यासकांनी गाय या शब्दाचा माग काढला तो प्राकृतातील 'गाई'मधून थेट त्या निषिद्ध 'गावी'पर्यंत पोचतो. ज्या शब्दाला व्याकरणकाराने दाराबाहेर उभे केले, त्याच्याच वंशजाने आज घर चालवले आहे. 'अपभ्रंश' या शब्दाचा अर्थ खाली घसरलेले. पण पुढे त्याच नावाच्या भाषेत मोठे वाङ्मय झाले. दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात पुष्पदंताने आपले महापुराण त्या घसरलेल्या भाषेतच रचले. आपली मराठी त्या घसरणीची लेक आहे.

मराठीतील पहिला मोठा गद्य ग्रंथ म्हणजे म्हाइंभटांचे लीळाचरित्र. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो वऱ्हाडात, ऋद्धिपूरच्या परिसरात सिद्ध झाला. महानुभाव पंथात संस्कृतचे पंडित कमी नव्हते. तरी नागदेवाचार्यांनी शिष्यांना संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले. सामान्य बायाबापड्या ज्ञानाला मुकतील, ही त्यांची चिंता होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या प्राचीनतेचा अभिमान मिरवताना आपण लीळाचरित्राचे नाव घेतो, आणि त्याच वऱ्हाडी मुलखाच्या बोलीत कोणी 'मले', 'तुले' म्हणाला की हसतो. या दोन गोष्टी एका तोंडाने कशा करता येतात?

प्रमाण ठरले तेव्हा आम्ही कोठे होतो?

एकोणिसाव्या शतकात मराठीला छापखाना, शाळा आणि कचेरी मिळाली. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला, सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ साली आली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ चे. मेजर कँडी यांच्या हाताखालून शालेय पुस्तकांची भाषा आणि विरामचिन्हे घडली. ही सर्व कामे मोठी आहेत आणि त्यांचे ऋण मी मानतो. पण ती मुंबई इलाख्याच्या शाळा-कचेऱ्यांसाठी झाली, आणि पुण्याकडच्या शिकलेल्या वर्गाची बोली त्यांचा पाया झाली. १८३१ साली वऱ्हाड निजामाकडे होते. ते इंग्रजांच्या कारभाराखाली गेले १८५३ साली. आमचा मुलूख तर १९४८ पर्यंत निजामाचाच राहिला. कोशाच्या आणि व्याकरणाच्या बैठकीला आम्ही नव्हतो. त्या बैठकीत आमच्याविरुद्ध काही ठरले, असेही नाही. आमचे नावच कोणी घेतले नाही.

पुढे ग्रिअर्सनने भारतातील भाषांची प्रचंड पाहणी केली. तिचा सातवा खंड मराठीचा, १९०५ साली निघालेला. वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींचे नमुने त्यात आहेत. परंतु हैदराबाद संस्थान त्या पाहणीच्या कक्षेबाहेर होते. म्हणजे पैनगंगेच्या उत्तर काठची बोली कागदावर आली आणि दक्षिण काठची राहून गेली. नदीच्या दोन काठांवरची माणसे मात्र एकमेकांना मुली देत-घेत होती. 'अनकूथ' शब्दाचा जुना अर्थ येथे नेमका लागू पडतो. माहीत नसलेली ती.

१९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम महाराष्ट्र शासनाने मान्य केले. १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. नियम लेखनाचे होते, पण लोकांच्या तोंडी त्यांचे नाव राहिले 'शुद्धलेखन'. त्यामुळे जे नियमाबाहेर ते अशुद्ध, आणि लिहिण्याबरोबर बोलणेही अशुद्ध, असा समज शाळाशाळांत रुजला. वस्तुतः प्रमाण आणि शुद्ध या दोन निराळ्या कल्पना आहेत. प्रमाण म्हणजे सोयीसाठी ठरवलेले माप. बाजारात किलोचे वजन चालते म्हणून आमच्या आजीचे पायलीचे माप खोटे ठरत नाही.

आणि माप ठरवणारी बोली तरी कोणाच्याही संसर्गाविना राहिली आहे काय? मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे. ऐकणाऱ्याला वगळून बोलायचे तर आम्ही, त्याला सामावून घ्यायचे तर आपण. तेलुगूत हाच भेद 'मेमु' आणि 'मनमु' असा आहे. दुसऱ्याचे बोलणे सांगताना आपण 'येतो म्हणून सांगितले' असे म्हणतो. तेलुगूतील 'अनि' त्याच जागी तेच काम करतो. मराठीच्या या ठेवणीत द्राविड भाषांच्या शेजाराचा वाटा आहे, हे भाषाशास्त्रात बऱ्याच काळापासून मांडले गेले आहे. पुण्याच्या बोलण्यात हा शेजार आला की तो मराठीचा स्वभाव. आदिलाबादच्या बोलण्यात आला की भेसळ. असा दुहेरी न्याय टिकणारा नाही.

एका कायद्याची रेषा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अधिनियम अमलात आला. त्याच्या कलम ३ आणि कलम ८ ची यादी मी अनेकदा वाचली आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. नांदेड जिल्ह्यातून उलट दिशेने देगलूर तालुक्याची बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कले, तसेच मुधोळ तालुक्याची मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कले आंध्रात आली. रेषा सर्कलापर्यंत बारीक काढली होती, पण बोली सर्कल पाहून थांबत नाही. आदिलाबाद, बेला, जैनथ, बोथ, मुधोळ, भैंसा या पट्ट्यात मराठी राहिली. आता ती दुसऱ्या राज्याची अल्पसंख्य भाषा झाली. २०१४ साली तेलंगणा राज्य झाले, २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. पाट्या बदलल्या. आमची जुनी माणसे अजून 'एदलाबाद'च म्हणतात.

येथे मराठी केवळ मराठा-कुणब्यांची नाही. आंध समाजाची ती मायबोली आहे. राजगोंडांच्या वीरकथा किकरीच्या साथीने गाणारे परधान गोंडी गाणी गातात आणि घरी मराठी बोलतात, हे फ्युरर-हायमेनडॉर्फ या अभ्यासकाने नोंदवून ठेवले आहे. १९४० साली जोडेघाटला कोमरम भीम मारले गेले. त्यानंतर निजामाच्या सरकारने या भागाचा अभ्यास करायला त्यांना पाठवले होते. १९४३ साली मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले आणि गोंडीची पहिली पुस्तके देवनागरीत तयार झाली. त्या काळात संस्थानच्या नोकरीत असलेल्या सेतुमाधवराव पगडींनी गोंडी व कोलामी शिकून त्यांवर लिहिले. मूळचे निलंग्याचे हे मराठी इतिहासकार. ज्या भाषांना शहरी माणसे रानटी म्हणत, त्यांचे व्याकरण मांडायला ते बसले. व्याकरण मांडले की रानटीपणाची भाषा बंद पडते, कारण नियम दिसू लागतात.

आमच्या बोलीचेही नियम आहेत. 'करतो', 'करून राहिलो' आणि 'करत असतो' यांत आमचे शेतकरी जो फरक करतात तो नेमका आहे. 'मले' हा शब्द 'मला'चा बिघाड नव्हे. 'ला'च्या जागी 'ले' हा प्रत्यय सर्वत्र एकसारखा लागतो: तुले, त्याले, घराले, गावाले. चूक अशी शिस्तीत वागत नसते.

तेलुगू शेजाऱ्यांनाही हा अनुभव नवीन नाही. तेलंगणाच्या तेलुगूला किनारी जिल्ह्यांच्या मापाने कित्येक दशके गावठी ठरवले गेले. चित्रपटांत ती विदूषकाच्या आणि गुंडाच्या तोंडी घातली गेली. वर सांगितलेला 'व्हिलन' शब्दाचा प्रवास येथे पुन्हा एकदा झाला. स्वतंत्र राज्याच्या चळवळीत पाणी आणि नोकऱ्यांबरोबर या अपमानाचीही आठवण होती. राज्य झाल्यावर सरकारने ९ सप्टेंबर हा तेलंगणा भाषा दिन ठरवला. तो कवी काळोजी नारायण राव यांचा जन्मदिवस. पुस्तकी तेलुगूच्या दबावापुढे लोकांच्या तोंडची भाषा ताठ उभी करणाऱ्या या कवीचे वडील मराठी होते आणि आई कन्नड. आपल्या बोलीची थट्टा सोसलेल्या राज्याला आमचे दुःख समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत, असे मला मनापासून वाटते.

कलम आहे, पण मागणारा हवा

संविधानाचे अनुच्छेद २९ आपापली भाषा जतन करण्याचा हक्क देते. अनुच्छेद ३५०-क हे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी, असे ते सांगते. ही कलमे मी अर्जांत अनेकदा लिहिली आहेत. पण हक्क मागण्यासाठी आधी 'ही माझी भाषा' असे म्हणावे लागते. जो बाप शाळेच्या दाखल्यावर मराठी लिहायला लाजतो, कारण 'आमची कुठं खरी मराठी' असे त्याला वाटते, त्याच्यासाठी कोणते कलम लावायचे? सीमेपलीकडचे हसतात म्हणून तो मराठी लपवतो. अलीकडचे कार्यालय मग तो मराठी नाहीच असे धरते. पट कमी होतो, मग शिक्षक कमी होतात, आणि एके दिवशी शाळेचे दार बंद होते. सुरुवात मात्र एका हसण्यापासून झालेली असते.

म्हणून माझ्या विनंत्या साध्या आहेत. शिक्षकांनी 'मले' या शब्दावर लाल रेघ मारू नये. बाजूला 'पुस्तकात मला' एवढे लिहावे. मुलाला दोन्ही येऊ द्यावे, कारण परीक्षा, नोकरी आणि न्यायालय यांसाठी प्रमाण मराठी हवीच. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांनी आमच्या बोलण्याचे कौतुक केले नाही तरी चालेल, त्यांनी नीट ऐकावे. जनगणनेचा कर्मचारी दारात आला की मातृभाषेच्या रकान्यात मराठी असे न कचरता सांगावे. आणि आपणही तेलुगूला यंडुगुंडू, गोंडीला रानटी म्हणणे सोडावे. नाहीतर आपली तक्रार ऐकणारा आपल्याला तोच प्रश्न विचारेल आणि आपल्यापाशी उत्तर नसेल.

शेवटी एक जुना अर्थ नोंदवतो. मराठीच्या जुन्या वाङ्मयात 'अशुद्ध' या शब्दाचा आणखी एक अर्थ सापडतो: रक्त. आमच्या बोलीला कोणी अशुद्ध म्हटले की आता मी तोच अर्थ घेतो आणि वाद घालत नाही.

त्या आजी आज हयात नाहीत. दुरुस्त झालेली त्यांची साक्ष मिसलीत आहे. त्यानंतरच्या इतक्या वर्षांत कोणत्याही साक्षीदाराला मी 'शुद्ध बोला' असे म्हटलेले नाही. मी एवढेच म्हणतो, "आई, तुमच्या भाषेत सांगा. समजून घेणं आमचं काम."